शादियेचं चुटा

शादियेने कुणाला ‘चुटा काहीतरी खाऊन जा’ म्हटलं, की त्या माणसाने कमरेचा पट्टा आधीच सैल करून ठेवावा. चुटा म्हणजे लहान, थोडं, एवढंसं. तुर्कीच्या या डोंगराळ किनाऱ्यावर, आमच्या लाझ बोलीत हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो. पोरांचे लाड करताना, चहात साखर घालताना, कुणाची खोडी काढताना. पण शादियेइतका तो कुणी वापरला नसेल. तिची चुटा मक्याची भाकरी आठ माणसांना पुरून उरायची. तिचा चुटा पाऊस तीन दिवस थांबायचा नाही. तिचा मुलगा इल्यास चाळिशीला टेकला, चौकट डोक्याला लागते म्हणून वाकून घरात शिरतो, तरी तिच्या लेखी तो ‘चुटा बेरे’, म्हणजे लहानगं पोर.

शेजारचा रफेत तिला मुद्दाम विचारायचा, “वहिनी, आज किती चहा कापलात?”

“चुटा.”

“मेलो! म्हणजे आज माझी तार तुटणार.”

रफेतची तार दरीवरून थेट पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेली आहे. तिला एक लाकडी पेटी टांगलेली असते. मोटर सुरू केली की पेटी चहाच्या पानांची पोती घेऊन पलीकडच्या खरेदी केंद्रापाशी जाते. पेटीवर लाल रंगात लिहिलंय, ‘माणसांनी बसू नये’. लिहिलं रफेतनेच, आणि तिच्यात सगळ्यांत जास्त वेळा बसलाही तोच.

तर शादियेचं हे चुटा डोंगरउतारावरच्या सगळ्यांना करमणुकीचं होतं. ते आलं कुठून हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. ती सात वर्षांची असताना तिच्या मावशीचं घर डोंगराखाली गेलं. आदल्या संध्याकाळी मावशी दारात उभी राहून म्हणाली होती, “केवढी मोठी भेग पडलीय गं वर!” सकाळी घर नव्हतं. मावशी गेली, मावशीची सासू गेली, गाय तेवढी चार दिवसांनी जिवंत सापडली. भेग दिसली त्याच घटकेला घर सोडायला हवं होतं, हे कुणालाही सुचेल. शादियेच्या आईला सुचलं ते निराळंच. बहिणीने मोठी म्हटलं म्हणून ती मोठी झाली, असं तिने मनात धरलं ते मरेपर्यंत. त्या दिवसापासून त्या घरात दुखणं, पाऊस, नुकसान, भीती, सगळं चुटा. शादिये एकदा अंगणातून ‘मोठा साप’ असं ओरडली, तर आईने धावत येऊन आधी तिचं तोंड दाबलं, इतकं घट्ट की ओठ दातांत रुतून रक्त आलं. सापाकडे नंतर बघितलं.

ते रक्त शादिये विसरली नाही. लग्न झालं, पोर झालं, केस पांढरे झाले, तरी काही भीतीदायक समोर आलं की तिची जीभ आपोआप त्या एका शब्दाकडे वळायची. तिचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा गावच्या दवाखान्यातल्या परगावच्या डॉक्टरला ती सांगत राहिली, जरासं दुखतंय, जरासं. त्याने गोळ्या देऊन घरी पाठवायची तयारी केली. रफेत बाहेर बाकावर बसला होता, तो आत घुसला. “डॉक्टरसाहेब, ही बाई जरासं म्हणते म्हणजे सुऱ्या काढा!” तिचा नवरा याकुप गेला त्या दिवशी ती रफेतच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, “याकुपच्या छातीत चुटा दुखतंय.” रफेतने एक शब्द न विचारता गाडी काढली. याकुप तिसऱ्या वळणावर गेला, पण त्यात गाडीची चूक नव्हती.

म्हणजे काय, की उतारावरच्या सगळ्यांना शादियेचा शब्द बरोबर वाचता यायचा. न वाचता येणारं माणूस एकच होतं, आणि ते तिच्याच घरात होतं.

गुलसेन, इल्यासची बायको. चोरुमकडची. तिकडे जमीन आडवी असते आणि माणसं जे म्हणायचं ते म्हणतात. इल्यास मालवाहू जहाजावर आचारी. वर्षातले आठ महिने पाण्यावर. लग्नानंतर त्याने आईच्या घराच्या खाली, चहाच्या मळ्यातल्या एका सपाट पट्टीवर दोन खोल्यांचं घर बांधलं. पांढरं, पत्र्याचं छप्पर, पुढे गॅलरी. चार वर्षं झाली त्याला. अडीच वर्षांची मुलगी देफ्ने आणि पोटात सातवा महिना.

गुलसेनला लाझ येत नव्हती, सासूची तुर्की कामापुरती. पण चुटा तिने आठवड्याभरात उचललं. ते ऐकू आलं नाही असा दिवसच जायचा नाही. पहिल्याच महिन्यात शादिये तिला म्हणाली होती, “रफेतकडे दही देऊन ये. चुटा कुत्रं आहे, घाबरू नकोस.” ते चुटा कुत्रं वासराएवढं होतं. गुलसेन दह्याच्या भांड्यासकट नासपतीच्या झाडावर चढली आणि रफेत येईपर्यंत तिथेच बसून राहिली. नंतर ती स्वतःच हे सांगून सगळ्यांना हसवायची. “आईंचं चुटा आणि देवाची करणी, दोन्ही मला अजून कळलेली नाहीत!” पण कुत्रं निदान डोळ्यांना दिसतं. डोंगर तिला बघता येत नव्हता. माती, पाणी, झाडाचा कल, यातलं तिला काही कळत नव्हतं, आणि त्या बाबतीत सासू सांगेल ते खरं, असं ती धरून चालली होती.

जुलै लागला. पाऊस पडत होता, तो दर वर्षी पडतो. खालच्या घराच्या वरच्या अंगाला चहाच्या दोन ओळींच्या मधे शादियेला भेग दिसली. चहा कापायची मोठी कातरी तिच्या हातात होती, पात्याला पानं झेलायची पिशवी लावलेली. तिने कातरीचं टोक भेगेत घातलं. बोटभर गेलं. ती उभी राहिली आणि खाली बघितलं. बरोबर खाली गुलसेनचं छप्पर, गॅलरीत देफ्नेचे वाळत घातलेले कपडे.

शादियेने काय केलं? बाजूचे नेचे कापले आणि त्या भेगेवर पसरले. शेणावर माती टाकतात तसं झाकलं आणि पुढच्या ओळीला लागली. वर मनाशी म्हणाली, “चुटा आहे.”

दुसऱ्या दिवशी नेचे बाजूला करून पुन्हा कातरी घातली. चौथ्या दिवशी पूर्ण पातं गेलं. आठव्या दिवशी मूठ. रोज बघायची, रोज नवे नेचे घालायची. लक्ष सारखं भेगेकडे, त्यामुळे पान नीट कापलं जायचं नाही, केंद्रावरचा माणूस बोलायचा. रात्री तिला झोप नाही. पावसाचा आवाज जरा वाढला की ती उठून बसायची आणि खालच्या घराचा दिवा आहे का ते बघायची.

रफेतला सांगता आलं असतं. तो वीस पावलांवर राहतो. पण त्याला ‘वर चुटा भेग आहे’ एवढं म्हटलं असतं तरी त्याला बरोबर कळलं असतं, आणि म्हणूनच तिने त्याला सांगितलं नाही. त्याला कळलं असतं तर गावच्या मुख्याला कळलं असतं. सरकारी माणसं आली असती, खालच्या घराला कुलूप लागलं असतं, आणि गुलसेन पोरीला घेऊन आईबापांकडे चोरुमला निघून गेली असती. मग इल्यास जहाजावरून उतरला की तिकडेच गेला असता. मग कोण उरलं या उतारावर? शादिये आणि कोंबड्या. ही भीती ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हती, पण ती डोंगराच्या भीतीच्या खालोखाल तिथेच बसलेली होती. दोन्ही भीती एकमेकींना झाकत होत्या.

सांगितलं ते गुलसेनला. दहाव्या दिवशी गुलसेननेच विचारलं, ती गॅलरीत शेंगा सोलत होती. “आई, तुम्ही रोज त्या एकाच ओळीत काय करता हो वर?”

“माती फाटलीय. चुटा.”

“काळजीचं काही नाही ना?”

“चुटा म्हटलं ना.”

“बरं,” गुलसेन म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. कुणी इतक्या सहज तिच्यावर विश्वास ठेवावा याचा शादियेला राग आला. आतल्या आत तिला वाटत होतं, ही म्हणेल, खोटं बोलताय तुम्ही. उतारावरची कुठलीही बाई म्हणाली असती. ही चोरुमची म्हणेना.

बाराव्या दिवशी सकाळी झऱ्याला पाणी नव्हतं. घरामागे लाकडी पन्हळीतून बारा महिने पडणारा झरा. आदल्या दिवशी गढूळ झाला होता, आज कोरडा. आणि पाऊस तर कोसळत होता. इतक्या पावसात झरा आटतो म्हणजे पाण्याने आत दुसरी वाट धरली. ते सगळं आता डोंगराच्या पोटात साठत होतं. मावशीच्या घरामागचा झराही असाच एका सकाळी गप्प झाला होता. शादियेच्या हातातली बादली खाली पडली आणि गडगडत कोंबड्यांत गेली.

तिने पाठीला टोपली लावली, कारण बाहेर पडताना पाठीला टोपली लावायची तिला सवयच होती. मळ्यातल्या पायऱ्या उतरून ती खाली गेली. नेच्यांपाशी थांबली नाही. कातरी घालून बघायची गरज उरली नव्हती, नेचे भेगेत आत गेले होते.

गुलसेन चुलीपाशी कोबीची भाजी ढवळत होती. पाय सुजलेले, पायांत इल्यासचे जुने मोजे. देफ्ने आतल्या खोलीत झोपलेली.

“पोरी, चल वर माझ्याकडे. चुटा वेळ.”

“आता? या पावसात?” गुलसेन हसली. “तिला आत्ता कुठे झोप लागलीय. रात्रभर खोकत होती. आणि माझे पाय बघा, पायऱ्यांवरून घसरले तर? दुपारी येते ना.”

“आत्ता ये.”

“का? झालंय काय? ती भेग वाढलीय का? खरं सांगा, मोठी आहे?”

झालं, प्रश्न समोर येऊन उभा राहिला. असा सरळ प्रश्न शादियेला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, कारण कुणाला गरज पडली नव्हती. तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. ओठांवर आईचा हात होता, चोपन्न वर्षांपूर्वीचा. हो म्हटलं तर डोंगर ऐकेल, हे तिला त्या क्षणी जितकं खरं वाटलं तितकं कधीच वाटलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “चुटा.”

“मग झालं तर! भाजी होऊ दे, जेवण घेऊनच येते वर. चहा टाका तुम्ही.”

शादिये दाराबाहेर पडली आणि मागे दार ओढलं. दार लागेना. तिने पुन्हा ओढलं. वरची कड चौकटीत अडकत होती. काल हेच दार तिने एका बोटाने लावलं होतं. लाकूड फुगतं पावसात, तेही खरं, पण वरच्याच कोपऱ्यात नाही. घर हललं होतं. चौकट वाकडी झाली होती आणि आत चुलीवर भाजी रटरटत होती.

तिला स्वतःची चीड आली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं. अगं थेरडे, दोन अक्षरं तुला बोलता येत नाहीत? पण येत नव्हती, हेच खरं. मग तिने बोलणं सोडून दिलं. दार ढकलून आत गेली, गुलसेनच्या मागून आतल्या खोलीत शिरली, झोपलेल्या देफ्नेला पांघरुणासकट उचललं आणि पाठीवरच्या टोपलीत घातलं. एवढ्या वर्षांत तिने त्या टोपलीतून चहा नेला होता, लाकडं, शेण, एकदा आजारी करडू. पोर जागी झाली आणि रडायला लागली.

“आई, काय करताय? आई!”

शादिये दाराबाहेर होती. पायऱ्या चढत होती. एकसष्ट वर्षांची बाई, पावसात, पाठीवर अडीच वर्षांची पोर. धावल्यासारखी चढत होती.

“वेड लागलंय का तुम्हाला? ती आजारी आहे! भिजतेय ती! ठेवा खाली तिला!” गुलसेन मागून ओरडत होती, एक हात पोटाखाली, दुसऱ्याने चहाची झुडपं धरत. पायांतले मोजे चिखलाने जड झाले होते. “माझी मुलगी आहे ती! ऐकताय का? इल्यासला सांगते मी! थांबा म्हणते ना!”

थांबली असती तर गुलसेनही थांबली असती. शादिये थांबली नाही. शिव्या मागून येत होत्या, तोवर ठीक होतं. शिव्या येतायत म्हणजे पोरगी चढतेय. मधेच एकदा आवाज आला नाही तर तिने मुद्दाम टोपलीला हिसका दिला. देफ्ने किंचाळली आणि मागून पुन्हा शिव्या सुरू झाल्या.

वरच्या घराच्या आठ-दहा पायऱ्या राहिल्या होत्या, तेव्हा आवाज झाला. मोठा असा झालाच नाही. ओलं कापड फाडल्यासारखा झाला, लांबलचक. मग पायांखाली थरथर. शादियेने मागे वळून गुलसेनचा दंड धरला आणि तिला पायऱ्यांवर ओढून घेतलं. चहाच्या हिरव्या ओळी एका बाजूला निघाल्या, एकेक ओळ वाकली, मिसळली, आणि सगळं सावकाश खाली सरकलं. पांढरं घर उभंच्या उभं थोडं अंतर गेलं, गॅलरीसकट. मग ते गुडघ्यांत मोडलं. पत्रा तेवढा वर राहिला, तोही गेला. चिखल दरीतल्या ओढ्यापर्यंत पोचला आणि जाता जाता खालचा रस्ता घेऊन गेला.

गुलसेनने टोपलीतून देफ्नेला बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. मग विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“बारा दिवस.”

“बारा दिवस.” तिने ते पुन्हा एकदा ओठांतल्या ओठांत म्हटलं. “आणि मला चुटा सांगितलंत.”

आणि तेवढ्यात गुलसेन वाकली, देफ्नेला एका हाताने घट्ट धरून दुसऱ्याने पोट दाबत. तिच्या मोज्यांवर पाणी ओघळलं. ते पावसाचं नव्हतं.

रफेत कुत्र्यासकट धावत आला होता. त्याने एकदा दरीकडे बघितलं, एकदा गुलसेनकडे, आणि फोन लावला. रुग्णवाहिका पलीकडच्या रस्त्यावर येईल, असं दवाखान्यातून सांगितलं. अलीकडचा रस्ताच नव्हता. पायवाट ओढ्याने नेली होती. “पेटी,” रफेत म्हणाला. “दुसरं काही नाही.”

“मी पण जाते हिच्याबरोबर,” शादिये म्हणाली.

“नाही, वहिनी. ओली तार आहे. एका वेळी एकच.”

त्यांनी पेटीत पोती अंथरली. गुलसेन आत कुशीवर झाली, गुडघे पोटाशी घेऊन. पेटी चहासाठी केलेली, बाईमाणसासाठी नव्हे. तिची पावलं बाहेर राहिली. शादियेने आपली शाल त्यांवर घातली. गुलसेनने पाय आखडून घेतले.

मोटर सुरू झाली आणि पेटी सुटली. खाली ओढा तांबडा आणि फुगलेला, त्यात अख्खी झाडं जात होती. पलीकडे केंद्रावरची माणसं हात वर करून उभी होती. अर्ध्यावर मोटर खोकली, पुन्हा खोकली आणि बंद पडली. पेटी वाऱ्याने झुलायला लागली. रफेतने शिवी हासडली आणि हाताने फिरवायचा दांडा घेतला. कप्पी करकरत होती, पेटी बोट-बोटभर पुढे सरकत होती.

दरीच्या मधून गुलसेनची हाक आली. “आई! किती वेळ लागेल?”

“चुटा!” शादिये ओरडली. तोंडातून निघून गेलं ते. पेटीतून पुन्हा हाक आली नाही. फक्त एकदा, दुखण्याचा आवाज आला, आणि रफेतने दांडा आणखी जोराने फिरवला. पलीकडच्या माणसांच्या हाती पेटी लागली तेव्हा त्याच्या तळहातांची कातडी निघाली होती.

शादिये त्या दिवशी रफेतच्या ओसरीवर बसून राहिली. देफ्ने मांडीवर. पोर खोकायची, झोपायची, उठून ‘आई कुठे’ विचारायची. कुणीतरी आणून दिलेला चहा गार झाला. डोक्यात एकच चाललं होतं. बारा दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर पोरगी चालत, सावकाश, टेकत टेकत वर आली असती. तिला धावायला लावलं कुणी? मी. पोट घेऊन एवढ्या पायऱ्या. आता बाळाचं काही झालं तर डोंगराचं नाव कशाला घ्यायचं? तिने मनातसुद्धा ते पुढे नेलं नाही, कारण पुढे नेलं तर तिला ओरडावंसं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफेतचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि न बोलता तिच्या हातात दिला. पाऊस थांबला होता. ओसरीच्या मागे उरलेला डोंगर ओला, काळा.

“आई,” गुलसेनचा आवाज दमलेला होता. “मुलगा झाला.”

“तू कशी आहेस?”

“मी बरी आहे. बाळ...” ती थांबली. “बाळ चुटा आहे.”

आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून, असा भीती झाकायला, कधी शादियेच्या कानांवर आला नव्हता. आजवर ज्यांना ज्यांना आपण हे ऐकवलं, त्यांच्या पोटात काय झालं असेल, ते तिला तिथे कळलं.

“तो शब्द नको सांगूस मला,” ती म्हणाली. आवाज फुटत होता. “किती, ते सांग. किलोत सांग.”

“एक किलो अडीचशे.”

चोवीस हजार वेळा पोती तोललेली बाई ती. एक किलो अडीचशे हातांवर कसं लागतं ते तिला तोलून बघावं लागलं नाही.

“काचेच्या पेटीत ठेवलंय,” गुलसेन सांगत होती. “छाती वरखाली होते ना, ती सगळी दिसते. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही. आई, मला भीती वाटतेय. तुम्ही काय म्हणाल ते माहीत आहे मला.”

शादियेने मागे बघितलं नाही. डोंगर तिथेच होता, पाठीशी, आणि ऐकायचं असेल तर ऐकू दे, असं तिच्या मनात आलं. ओठ दातांना लागले.

“मला पण वाटतेय,” ती म्हणाली. “फार मोठी भीती वाटतेय, पोरी. एवढी मोठी की बसवत नाही मला. चूक माझी आहे. तीही मोठी आहे.”

गुलसेन रडत होती. मग पलीकडून आलं, “या तुम्ही. देफ्नेला घेऊन या. मला एकटीने त्या काचेसमोर बसवत नाही.”

तिने फोन रफेतला दिला, देफ्नेला पांघरुणात गुंडाळलं आणि मोटरीकडे चालायला लागली. आयुष्यभर तिने त्या पेटीत चहा भरला, पण पाय कधी घातला नव्हता. रफेतने कापडं बांधलेल्या हातांनी, रात्रीच दुरुस्त केलेली मोटर सुरू केली आणि तिचा चेहरा बघून म्हणाला, “घाबरू नका वहिनी. चुटा अंतर आहे.”

“चुटा नाही,” शादिये म्हणाली. “खूप लांब आहे, आणि मला भीती वाटते. घट्ट धर पेटी, मी चढते.”